चालता चालता... थँक्यू!

मॉर्निंग वॉकला जाता? गुड! पावलं मोजता? मोजा की. पण आपली सकाळ नीट सुरू व्हावी म्हणून पहाटेपासून कोणी काय काय केलं, हे कधी मोजलंय? ‘ग्रॅटिट्यूड वॉक’ नावाच्या फंड्याचा हा टेकडीवरून केलेला पंचनामा.

पुण्यातली कुठलीही टेकडी घ्या. वेताळ, हनुमान, तळजाई, नाहीतर १०३ पायऱ्यांची पर्वती. सकाळी सव्वासहा ते साडेसात या वेळात तिथे वॉकर्सची सगळी व्हरायटी एका जागी बघायला मिळते. पहिले ‘टार्गेटवाले’. यांची नजर वाटेवर कमी आणि मनगटावरच्या बँडवर जास्त. दहा हजार पावलांना चारशे कमी पडली, तर हे पार्किंगमध्ये गाडीभोवती गोल गोल फिरून ती पूर्ण करणार! (हा दहा हजारांचा आकडा मुळात १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायच्या एका यंत्राचं नाव म्हणून बाजारात आला, हे त्यांना सांगायला जाऊ नका. मूड जातो.) दुसरे ‘कॉलवाले’. टीम अमेरिकेत, पाय टेकडीवर. ‘यू आर ऑन म्यूट’ हे वाक्य वेताळ टेकडीवर मोराच्या ओरडण्याइतकंच कॉमन झालंय. तिसरे आजोबांचे ग्रुप. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून अमेरिकेच्या इलेक्शनपर्यंत यांना कुठलाच विषय वर्ज्य नाही. चौथे ‘जानेवारीचे पाहुणे’. एक तारखेला नवे कोरे शूज घालून हजर आणि संक्रांतीचा तिळगूळ खाऊन गायब!

हल्ली मात्र एक पाचवा प्रकार दिसायला लागलाय. हे लोक हळू चालतात, मधूनच थांबतात, ओठ पुटपुटतात आणि कानात इअरफोनही नसतो. घाबरू नका. ही मंडळी थँक्यू म्हणताहेत. कोणाला? सूर्याला, झाडाला, आईला, बॉसला (हो, बॉसलासुद्धा!), ज्याची आठवण येईल त्याला.

याला म्हणतात ‘ग्रॅटिट्यूड वॉक’. फंडा एकदम सोपा. रोज सकाळी चालताना, ठरावीक अंतरावर, आपल्या आयुष्यातली एक चांगली गोष्ट आठवायची आणि मनात तिचे आभार मानायचे. फी नाही, मॅट नाही, गुरू नाही. त्यामुळे मोबाइल अ‍ॅप्सपासून ऑफिसच्या वेलनेस सेशनपर्यंत सगळीकडे याची चलती आहे. हिंजवडीच्या कंपन्यांमध्ये तर स्ट्रेस मॅनेजमेंटचं लेक्चर आणि सामोसा-कॉफी यांच्या मधल्या वेळात एचआरवाले हे हमखास करून घेतात.

आपल्या जन्मजात पुणेरी स्वभावाला पहिला प्रश्न पडतो तो असा : याने खरंच काही होतं का?

माझी एन्ट्री

गेल्या वर्षी दिवाळीनंतर बाबांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं आणि पहिले काही महिने एकट्याने जायचं नाही असंही बजावलं. आईचे गुडघे दुखतात, भाऊ बंगळूरला. राहिले मी. ‘ती काय, फ्रीलान्सर आहे. घरीच असते!’ हा आमच्या घरातला एकमताने पास झालेला ठराव. त्यामुळे सकाळी सहाच्या ठोक्याला शूज घालून कोथरूडहून वेताळ टेकडीची वाट धरायची, ही ड्यूटी माझ्याकडे आली.

त्या दिवसांत माझं स्वतःचंही फार काही ग्रेट चाललं नव्हतं. एका ठिकाणचं मानधन चार महिने अडकलेलं, एक कॉलम बंद झालेला आणि पहाटे तीनला जाग येऊन लॅपटॉपच्या हप्त्याची आकडेमोड चालू. टेकडीवरही तीच. बाबा पुढे, मी मागे आणि डोक्यात एक्सेल शीट!

कॉर्पोरेट ट्रेनिंग घेणारी माझी एक मैत्रीण आहे. ती म्हणाली, “एवीतेवी चालतेच आहेस, तर ग्रॅटिट्यूड वॉक करून बघ. फरक पडतो गं.” मी बाबांना आयडिया समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे नामस्मरणच की. इंग्रजीतलं.”

तरी तयार झाले. नियम ठरला : पहिल्या वळणापर्यंत दोघांनी तीन-तीन गोष्टी सांगायच्या.

सूर्य, हवा, आई-बाबा... पुढे काय?

पहिला दिवस मस्त गेला. सूर्य, स्वच्छ हवा, आई-बाबा. दुसऱ्या दिवशी तब्येत, घर, मित्रमैत्रिणी. चौथ्या दिवशी परत सूर्य! आठवड्याभरात यादी दोनच्या पाढ्यासारखी पाठ होते. मग तोंड म्हणतं ‘थँक्यू’ आणि डोकं मागे आकडेमोड करत राहतं. हा लेख लिहिताना मी ज्यांच्या ज्यांच्याशी बोलले, त्या प्रत्येकाचा अनुभव हाच. आयटीतला एक मित्र तर म्हणाला, “दहाव्या दिवशी मी टूथपेस्टला थँक्यू म्हटलं आणि नाद सोडला.”

गंमत म्हणजे संशोधकांनाही हे दिसलंय. या सगळ्या विषयाची सुरुवात ज्या गाजलेल्या प्रयोगाने झाली, तो रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा. २००३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एकाने आठवड्यातून एकदा आपल्याला लाभलेल्या पाच गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने पाच कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी. असे दहा आठवडे. चांगल्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य एकूणात बरं चाललंय असं जास्त वाटलं. शिवाय कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांचा व्यायाम आठवड्याला सुमारे दीड तासाने जास्त झाला! म्हणजे थँक्यू आणि चालणं यांची जोडी दिसते तितकी ओढूनताणून जमवलेली नाही.

पण पुढचं ऐका. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा आठवड्यांचा एक प्रयोग केला. त्यात एक गट आठवड्यातून एकदा आणि दुसरा तीनदा अशी यादी करत होता. फायदा झाला तो फक्त आठवड्यातून एकदावाल्यांना! तीनदावाल्यांना त्याचा बहुधा कंटाळा आला असावा. सवयीची गोष्ट दिसेनाशी होते, हे आपल्याला घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरूनही माहीत आहेच.

मग रोजच्या वॉकचं करायचं काय?

‘यानंतर आभारप्रदर्शन होईल’

मला वाटतं, अडचण आपल्या मराठी ‘आभार’ या शब्दापाशीच सुरू होते. आभार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? कार्यक्रमाचा शेवट. माइकपाशी उभे असलेले सेक्रेटरी, हातात चिठ्ठी आणि ‘ज्यांनी आम्हाला मांडव उपलब्ध करून दिला...’ हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत चपला शोधायला निघालेलं पब्लिक. आभार ही आपल्याकडे ‘मानायची’ आणि ‘प्रदर्शन’ करायची गोष्ट आहे, म्हणायची नाही. घरात तर नाहीच नाही. आईला चहाबद्दल ‘आभारी आहे’ म्हणून बघा. ती आधी कपाळाला हात लावून ताप आहे का बघेल. म्हणून तर आपण इंग्रजीतलं थँक्यू उसनं घेतलं. सुटसुटीत, हलकं आणि रिक्षावाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांना चालणारं.

दुसरा शब्द ‘कृतज्ञता’. हा निबंधातला, निरोप समारंभातला. पण एक दिवस टेकडी उतरताना बाबांनी त्याची सहज फोड केली. शाळेत त्यांचं संस्कृत चांगलं होतं. ‘कृत’ म्हणजे केलेलं आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. सर्वज्ञ, तज्ज्ञ यांच्यातला ‘ज्ञ’. म्हणजे कृतज्ञ माणूस कोण? आपल्यासाठी कोणी काय केलं ते ज्याला माहीत आहे, तो!

मास कॉमला असताना आमच्या सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं : कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. बातमी म्हणजे या सहा प्रश्नांची उत्तरं. कृतज्ञतेचंही तसंच असेल तर? ‘छान वाटतंय, थँक्यू’ ही नुसती हेडलाइन झाली. खाली बातमी कुठाय?

दुसऱ्या दिवसापासून आमचा नियम बदलला. तीन गोष्टींऐवजी एकच. पण तिच्यात माणूस हवा आणि त्याने काय केलं ते सांगता यायला हवं. सूर्य बाद!

टेकडी कोणी ठेवली?

नियम बदलल्यावर पहिल्याच सकाळी टेकडी वेगळी दिसायला लागली. वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सगळ्यात उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. वर जुन्या दगडखाणीचं तळं, मोर, बुलबुल, कोतवाल आणि पावसाळ्यानंतर कमरेएवढं गवत. आपण याला ‘निसर्ग’ म्हणून मोकळे होतो. पण चारही बाजूंनी बिल्डिंगा चढत आलेल्या या शहरात टेकडी काही आपोआप शिल्लक राहिलेली नाही.

सकाळी वर जाणाऱ्या लोकांच्या हातात दोन-दोन लिटरच्या बाटल्या दिसतात ना? ते पाणी प्यायचं नसतं. रोपांचं असतं. आम्ही ज्या वाटेने जातो, तिथे एक ग्रुप आहे. बहुतेक रिटायर्ड लोक. मी त्यांच्यातल्या एका काकांना गाठून विचारलं. ते म्हणाले, “पावसाळ्यात झाड कोणीही लावतो हो. खरं काम होळीनंतर असतं.” मार्च ते मे हे तीन महिने दर झाडाला आठवड्यातून दोनदा पाणी. टेकडीवर नळ नाही, म्हणून पाणी पाठीवरून न्यायचं. बुंध्याभोवती दगडांचं आळं करायचं, वर वाळकं गवत पसरायचं म्हणजे ओल टिकते. वणवा लागला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. ज्या झाडाखाली मी रोज थांबून दम खाते, ते काकांच्या ग्रुपने पंधरा वर्षांपूर्वी लावलेलं निघालं. एका झाडामागे किती बाटल्या झाल्या असतील, हिशेब करा!

आणि नुसती झाडं जगवून भागत नाही. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीच्या पोटातून जाणारे बोगदे हा विषय पुणेकरांना माहीत आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्याविरोधात हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. ट्रॅफिकच्या प्रश्नावर तुमचं मत काहीही असो, पण आज सकाळी तुम्ही ज्या वाटेवर चाललात तिच्यासाठी कोणीतरी निवेदनं लिहिली, नकाशे काढले, सुनावण्यांना रजा टाकून गेले. त्यातल्या कितीजणांना आपण ओळखतो?

बाटलीतल्या पाण्याचीही एक गोष्ट आहे. पुण्याचं पाणी येतं खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या पुराच्या गोष्टी सांगणारी एक तरी आजी प्रत्येक जुन्या पुणेकराच्या घरात असतेच. पण धरणं बांधताना खोऱ्यातल्या ज्या गावांनी आपली घरं आणि शेतं सोडली, त्यांची गोष्ट सांगणारं आपल्या सोसायटीत कोणी नसतं. वॉकहून आल्यावर नळ सोडतो, पाणी येतं. इतकंच माहीत असतं आपल्याला.

‘थँक्यू नको ताई...’

टेकडी उतरून खाली येईतो सात वाजून गेलेले असतात. शहराची दुसरी शिफ्ट सुरू झालेली असते. दुधाच्या पिशव्यांचे क्रेट उतरवलेले, पेपरवाली मुलं अर्धी लाइन टाकून चहाला थांबलेली आणि ढकलगाडी घेऊन ‘स्वच्छ’च्या ताई गेटवर.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ पासून आहे. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली. २००८ पासून ती महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते. घरटी दरमहा मिळणारे पैसे आणि भंगारात विकलेला सुका कचरा, यावर या बायकांचं घर चालतं.

बाबांचा नंबर होता त्या दिवशी. ते सरळ गेटवर थांबले आणि म्हणाले, “ताई, तुम्ही रोज येता म्हणून बिल्डिंग स्वच्छ राहते. थँक्यू बरं का.” ताई गाडीत डबा उलटा करत होत्या. हसल्या. म्हणाल्या, “थँक्यू नको काका. वरच्या लोकांना सांगा, ओला-सुका वेगळा द्या. आणि पॅडवर खूण करा.”

खूण म्हणजे लाल ठिपका. वापरलेलं सॅनिटरी पॅड किंवा डायपर कागदात गुंडाळायचं आणि वर पेनाने एक लाल ठिपका काढायचा. म्हणजे कचरा वेगळा करताना हाताने उघडून बघायची वेळ त्यांच्यावर येत नाही. संघटनेची ही मोहीम पुण्यात काही वर्षं चालू आहे. एक ठिपका! त्या संध्याकाळी मी आणि आईने लिफ्टच्या बाजूला कागद चिकटवला. आठ दिवसांनी ताईंना विचारलं तर म्हणाल्या, “तीन घरांतनं यायला लागलं ठिपक्याचं.” बावीस घरांत तीन. पण तीन.

मला या एका संवादात ग्रॅटिट्यूडचं सगळं पुस्तक सापडलं. आपण मनातल्या मनात थँक्यू म्हणतो, तेव्हा बरं फक्त आपल्याला वाटतं. समोरच्याला जाऊन विचारलं, की त्याला काय हवंय ते कळतं. बहुतेक वेळा त्याला थँक्यू नकोच असतं.

‘नोकरी आहे ना? मग ग्रेटफुल राहा!’

इथे एक धोक्याचा कंदील दाखवायलाच हवा. ग्रॅटिट्यूडचा वापर तोंड बंद करायलाही होतो. अप्रेझलमध्ये काहीच हाती लागलं नाही? ‘बाहेर बघ किती ले-ऑफ चाललेत, बी ग्रेटफुल!’ वीकेंडला काम? ‘टीमने विश्वास टाकलाय, बी ग्रेटफुल!’ फ्रीलान्सरला तर हे रोजचंच. ‘तुझं नाव छापून येतंय ना?’

सॉरी बॉस! कोणी काय केलं ते जाणणं म्हणजे कोणी काय केलं नाही, तेही जाणणं. ज्याने मानधन चार महिने दिलं नाही, त्याच्या ‘संधी’बद्दल टेकडीवर थँक्यू म्हणत बसण्यात काही अर्थ नाही. त्याला मेल पाठवायचा, फोन करायचा, पुन्हा मेल पाठवायचा. (पाचव्या मेलनंतर पैसे आले. त्याचं श्रेय माझ्या चिकाटीला!)

आणि दुसरं. ग्रॅटिट्यूड म्हणजे औषध नाही. अलीकडे या विषयावरची बरीच संशोधनं एकत्र करून तपासली गेली, तेव्हा डिप्रेशन आणि एन्झायटीवर अशा एक्सरसाइजेसचा परिणाम छोटासाच दिसला. त्यामुळे आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर वॉक जरूर करा, पण डॉक्टरांकडेही जा. ‘टेलि-मानस’ची सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

सतराशे रुपयांचे दोन हप्ते

आता मूळ मुद्द्याची गोष्ट. फेब्रुवारीतल्या एका सकाळी माझा नंबर झाल्यावर मी बाबांना म्हटलं, “तुम्ही आज असं काहीतरी सांगा, जे आईलाही माहीत नाही.” बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, दम लागला. मग म्हणाले, “आपल्या घराचं कर्ज.”

१९९७, माझ्या जन्माचं वर्ष. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात होते. फ्लॅटसाठी पतसंस्थेचं एक लाखाचं कर्ज मंजूर झालं, पण दोन जामीनदार हवे होते. एक मिळाला. दुसऱ्यासाठी नातेवाइकांची दारं वाजवून झाली. सगळ्यांना अचानक कामं निघाली. शेवटी शॉपमधले एक सीनियर फिटर सेकंड शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, “आण इकडे कागद.” आणि डबा बाजूला सरकवून सही केली.

दोन वर्षांनी कारखाना काही महिने बंद पडला. हप्ता सतराशेच्या आसपास. दोन हप्ते थकले आणि नोटीस जामीनदाराच्या घरी गेली. त्यांनी ते दोन हप्ते भरून टाकले आणि बाबांना कळूही दिलं नाही. पगार तर त्यांचाही बंदच होता! बाबांना हे समजलं चार वर्षांनी, कर्ज फेडून कागद आणायला गेल्यावर, तिथल्या क्लार्ककडून. बाबांनी पाकिटात पैसे घालून त्यांच्या हातात दिले. त्यांनी खिशात ठेवले. दोघंही त्यावर एक शब्द बोलले नाहीत. मग ते रिटायर झाले, बाबांची बदली झाली, भेटी थांबल्या.

“मग जाऊ या ना त्यांच्याकडे,” मी म्हटलं.

“आता काय जायचं? पंचवीस वर्षं झाली.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या टीमने २००५ मध्ये आनंदी राहण्याचे पाच वेगवेगळे एक्सरसाइजेस तपासून बघितले होते. लगेचच सगळ्यात मोठा फरक पडला तो ‘ग्रॅटिट्यूड व्हिजिट’ने. ज्याचे नीट आभार कधी मानलेच नाहीत, अशा माणसाला पत्र लिहायचं आणि ते स्वतः नेऊन द्यायचं. परिणाम महिनाभर टिकला, तीन महिन्यांनी ओसरला. हे मी बाबांना सांगितलं. त्यांच्यावर त्याचा ढिम्म परिणाम झाला नाही. तीन दिवसांनी मात्र स्वतःच म्हणाले, “रविवारी रिकामी आहेस का?”

काका चिंचवडला राहतात. आता ऐंशीच्या घरात. ऐकू कमी येतं. काकूंनी पोहे केले. अर्धा तास कारखाना, कोण गेलं, कोण आहे, याच गप्पा. बाबा काही विषय काढेनात. निघायची वेळ झाली तेव्हा चप्पल घालता घालता म्हणाले, “ते दोन हप्ते... मी तेव्हा काही बोललोच नाही.”

काकांनी कानाला हात लावून पुन्हा विचारलं. बाबांनी मोठ्याने सांगितलं. काका क्षणभर गप्प राहिले. मग काकूंकडे वळून म्हणाले, “हाच तो. तू वायसीएमला होतीस ना, तेव्हा माझ्या सलग अकरा नाइट यानेच केल्या होत्या.”

आता गप्प बसायची पाळी बाबांची होती. त्यांना ते आठवतच नव्हतं! काकांना हप्ते अंधूक आठवत होते, पण नाइट शिफ्ट मोजून अकरा. बाबांना हप्ते रुपया-पैशासकट पाठ आणि नाइट शिफ्ट साफ विसरलेल्या. दोघांनीही स्वतः केलेलं सोडून दिलं होतं आणि दुसऱ्याने केलेलं जपून ठेवलं होतं. बिचाऱ्यांनी पंचवीस वर्षं ते एकमेकांना सांगितलं मात्र नव्हतं.

परतीच्या वाटेवर बाबा गाडीत फारसं बोलले नाहीत. आता दर पंधरा दिवसांनी दोघांचा फोन असतो. एकाला ऐकू येत नाही आणि दुसरा हळू बोलतो, त्यामुळे तो अख्ख्या बिल्डिंगला ऐकू येतो, ही वेगळी गोष्ट!

तर मग, करायचं कसं?

चार महिन्यांच्या अनुभवावरून आणि बाबांच्या टिप्सवरून हा आमचा फॉर्म्युला :

* वेळ : अर्धा तास, आठवड्यातून किमान पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तेवढं यात बसतं. टेकडी नसेल तर सोसायटी, ग्राउंड, मेट्रो स्टेशनपर्यंतचा रस्ता, काहीही चालेल.

* पहिली दहा मिनिटं फक्त बघा : फोन खिशात. २०२० च्या एका अमेरिकन प्रयोगात साठीच्या पुढच्या लोकांना आठ आठवडे, आठवड्यातून फक्त पंधरा मिनिटं, नवलाच्या नजरेने आजूबाजूला बघत चालायला सांगितलं होतं. त्यांनी काढलेल्या सेल्फींमध्ये हळूहळू स्वतःचा चेहरा लहान होत गेला, मागचं दृश्य मोठं आणि हसू रुंद!

* रोज एकच : आणि त्यात माणूस हवा. ‘मित्रांबद्दल थँक्यू’ नको. ‘काल रात्री पावणेबाराला त्याने माझं प्रेझेंटेशन तपासून दिलं’ असं हवं.

* रिपीट नाही : कालचं नाव आज चालणार नाही. सुचत नसेल तर चप्पल, चहा, रस्ता, यातलं काहीही घ्या आणि ते तुमच्यापर्यंत कोणी आणलं ते शोधत मागे जा.

* आठवड्यातून एकदा तोंड उघडा : फोन, मेसेज किंवा गेटवर उभं राहून. पण सोबत एक प्रश्न विचारायचा : ‘तुम्हाला काय केलं तर बरं पडेल?’

* जोडीदार घ्या : आई, बाबा, रूममेट, कोणीही. एकटं असलं की यादी सूर्यापाशी परत येते.

* वाईट दिवशी सुट्टी : ज्या सकाळी काहीच चांगलं आठवत नाही, त्या सकाळी नुसतं चाला. ओढूनताणून थँक्यू नको.

माझं काय झालं म्हणाल, तर पहाटे तीनची आकडेमोड पूर्ण थांबलेली नाही. फ्रीलान्सरची ती कधी थांबत नसावी. पण आता त्या एक्सेल शीटमध्ये येणे-बाकीच्या शेजारी आणखी एक कॉलम आलाय. पाठीवर पाणी नेणारे काका, गेटवरच्या ताई, धरणाखाली गेलेल्या गावांतली मला माहीत नसलेली माणसं. हा कॉलम कधी पूर्ण होणार नाही, हेही कळलंय. त्यानं टेन्शन येत नाही, उलट आपण एकटेच सगळं ओढतोय हे जे सारखं वाटत असतं ना, ते जरा कमी होतं.

सो, उद्या सकाळी बँड लावा, शूज घाला, पावलं मोजा. पण एका वळणावर थांबून एवढंच विचारा : हे कोणी केलं? उत्तर माहीत असेल तर त्याला फोन लावा. नसेल तर शोधा. आणि हो, ओला-सुका वेगळा!